व्हिडिओ कॅसेटवर रेडिओ: पडद्यावर मुंग्या, आवाजात काका

रेघोटी | सोमवार, रात्री १०.१२

लोकहो, मदत हवी आहे.

माझ्या मोठ्या काकांना रेडिओचं वेड होतं. ते गेल्यावर त्यांच्या कपाटातून ३४ व्हीएचएस कॅसेट निघाल्या. पाठीवरच्या चिठ्ठ्यांवर सिनेमाचं नाव एकही नाही. 'श्रुतिका, दोन भाग', 'संगीत सभा, उत्तरार्ध', 'व्याख्यान (सुरुवात हुकली)' असलंच सगळं. म्हणजे हा गृहस्थ व्हीसीआरवर रेडिओ टेप करत होता.

चुलतभावाने त्यातल्या ६ कॅसेट एका ठिकाणी डिजिटल करायला दिल्या होत्या. परत आलेल्या फाइलींत पडद्यावर नुसत्या मुंग्या, आणि आवाजात काका स्वतःच पुटपुटताहेत. एखादं वाक्य, मग पाच-दहा मिनिटं शांतता, पुन्हा एखादं वाक्य. रेडिओचा मागमूस नाही. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय की शेवटच्या काळात भ्रमिष्टपणात त्यांनी आपल्याच रेकॉर्डिंगवर बोलून ती पुसली. मला ते पटत नाही, पण सिद्ध करायला हातात काही नाही.

दोन प्रश्न. रेडिओसाठी कोणी व्हिडिओ कॅसेट का वापरेल? आणि या कॅसेट फेकून द्यायच्या का?

---

अँटेना | सोमवार, रात्री १०.४०

फेकू नका!!

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: वेळ. ९० मिनिटांची ऑडिओ कॅसेट ४५ मिनिटांनी उलटावी लागते, आणि ती वेळ नेमकी नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात येते. ई-१८० व्हिडिओ कॅसेट सलग ३ तास चालते, ई-२४० चालते ४ तास, आणि एलपीवर (निम्म्या वेगाने) टाकली तर ८. शिवाय व्हीसीआरला टायमर असतो. ट्यूनरची, म्हणजे रेडिओची, वायर मागे ऑडिओ-इनला लावायची, टायमर लावायचा आणि झोपायचं. रात्री उशिराचे कार्यक्रम धरणारे बरेच जण हेच करत. तुमचे काका एकटे नव्हते.

---

कानसेन | सोमवार, रात्री ११.२५

रेघोटी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्या डेकवर, म्हणजे व्हीसीआरवर, कॅसेट वाजवली त्याच्यात आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते.

व्हीएचएस फितीवर आवाज दोन वेगवेगळ्या जागी असू शकतो. एक जागा फितीच्या काठावर. साधारण १ मिलिमीटरची पट्टी, स्थिर हेड (फितीवर लिहिणारं-वाचणारं टोक), ऑडिओ कॅसेटसारखंच तंत्र. याला लिनियर किंवा 'नॉर्मल' ट्रॅक म्हणतात. पण फीत पुढे सरकते किती हळू? पॅलमध्ये (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) सेकंदाला २.३४ सेंटिमीटर. ऑडिओ कॅसेट ४.७६ ने धावते. म्हणजे निम्म्याहून थोडा कमी वेग, एलपीवर त्याच्याही निम्मा. त्यामुळे तो आवाज दबका, खरखरीत.

दुसरी जागा हाय-फाय. हा आवाज फिरत्या ड्रमवरची हेड लिहितात, जिथे चित्र लिहिलं जातं तिथेच. डावा-उजवा आवाज एफएम करून १.४ आणि १.८ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरींवर चढवतात. आधी ऑडिओ हेड फितीच्या थरात खोल लिहितं, लगेच मागून व्हिडिओ हेड वरच्या थरात चित्र लिहितं. दोघांच्या फटींचे कोन वेगळे (ऑडिओ ३० अंश, व्हिडिओ ६ अंश) म्हणून वाजवताना एकमेकांत मिसळत नाहीत. या ट्रॅकवर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ सहज मावतं. एफएम रेडिओचा आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंतच असतो, म्हणजे जागा उरतेच.

आता गंमत. हाय-फाय डेक रेकॉर्ड करताना दोन्ही जागी लिहितो. पण 'ऑडिओ डब' नावाचं एक बटण असायचं, ते फक्त काठावरची पट्टी पुसून नवा आवाज भरतं. हाय-फायला हात लावत नाही, लावूच शकत नाही, कारण तो पुसायचा तर चित्रही जातं.

माझा अंदाज: काका काठावर बोललेत. रेडिओ त्याच फितीत खाली जसाच्या तसा पडून आहे. ज्यांनी तुमच्या कॅसेट उतरवल्या त्यांच्याकडे मोनो डेक होता, किंवा हाय-फाय असून स्विच 'नॉर्मल'वर होता.

---

निवांत | सोमवार, रात्री ११.३१

अरे वा. वाचतोय.

---

रेघोटी | मंगळवार, सकाळी ७.०५

कानसेन, रात्रभर झोप नाही. काकांचा स्वतःचा डेक माळ्यावर आहे. पुढे मोठ्या अक्षरांत हाय-फाय लिहिलंय आणि एक 'ए. डब' बटणही आहे! कॅसेट आत घातली की गुरगुरतो आणि बाहेर टाकतो. आता एखादी कॅसेट जरा दाबून धरून बघू का?

---

खटपट्या | मंगळवार, सकाळी ७.२०

अजिबात नाही. दाबून धरलेली कॅसेट तो खातो. फीत ड्रमभोवती अर्धवट गुंडाळलेली आणि यंत्र बंद, ही अवस्था मी तीनदा सोडवली आहे, चौथ्यांदा इच्छा नाही.

गुरगुरून बाहेर टाकणं म्हणजे बहुतेक वेळा रबरी पट्टा ताणून सैल झालाय किंवा मोड स्विच मळलाय. दोन्ही दुरुस्त होतं. जाणकाराकडून करून घ्या, तोच डेक वाचवा. कारण ज्या डेकने लिहिलं त्याच्याच हेडची रेघ त्या फितीशी सगळ्यात चांगली जुळते, हाय-फायला तर फारच. नवीन घेऊ म्हणाल तर व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. जे आहेत ते जुनेच.

ड्रम साफ करायचा तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय कातडं. कातडं ड्रमवर आडवं स्थिर धरायचं आणि ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासलं की हेडचं टोक तुटलं म्हणून समजा. कापसाची काडी नको, तिचे धागे हेडला अडकतात.

आणि कॅसेट: झाकण उचलून फितीच्या गुंडाळीकडे उजेडात बघा. पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत, मशीनमध्ये नाही. एक बुरशीची कॅसेट वाजवली की हेडवरून ती उरलेल्या ३३ ना लागते. तुमच्या फुप्फुसालाही बरी नव्हे, मास्क लावून बघा. मागच्या कडेची प्लास्टिकची टिकली सगळ्यांची मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं जाणार नाही. माळ्यावरच्या गारठ्यातून आणलेली असेल तर एक दिवस खोलीत पडू द्या. वाजवण्याआधी एकदा शेवटापर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली फीत त्याने मोकळी होते.

---

खरखर | मंगळवार, दुपारी १.१५

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? कुठल्याही व्हीसीआरवर लावा, यूएसबीचं कॅप्चर यंत्र जोडा, काय येईल ते घ्या आणि एआयने आवाज साफ करा. आजकाल सगळं निघतं.

---

कानसेन | मंगळवार, दुपारी २.०२

@खरखर, काठावरच्या पट्टीवरून रेडिओ आधीच पुसला गेलाय. जे नाहीच ते एआय कुठून आणणार? रचून देईल, तेवढंच. रेघोटींना श्रुतिका ऐकायची आहे, श्रुतिकेसारखं काहीतरी नव्हे.

---

खरखर | मंगळवार, दुपारी २.१०

बरं. पण यूएसबी यंत्राला काय धाड भरलीय ते कळेल का?

---

अँटेना | मंगळवार, दुपारी ३.३०

ते मी सांगतो, हात पोळून घेतलेत.

ते यंत्र मुळात चित्रासाठी आहे. चित्राचा सिंक (चित्र कुठे सुरू होतं याची खूण) मिळाला की ते चालतं, आवाज त्याच्या मागे बांधलेला. इथे चित्र म्हणजे मुंग्या, सिंकच नाही. मग ते यंत्र फ्रेम गाळतं, आणि फ्रेमबरोबर आवाजाचे तुकडेही गाळतं. ऐकताना पटकन कळत नाही, फक्त वाक्यातला एखादा शब्द थोडा आखूड वाटतो. माझी एक अख्खी मुलाखत अशी कुरतडली गेली.

म्हणून व्हिडिओची वायर फक्त टीव्हीला, डेकचा मेनू दिसण्यापुरती. ऑडिओ-आउटच्या पांढऱ्या-लाल दोन वायरी थेट ऑडिओ इंटरफेसच्या (संगणकाला आवाज पोचवणारं यंत्र) लाइन-इनला. माइकच्या भोकात नको, आवाज फाटतो.

अजून एक: पुष्कळ डेक सिंक दिसला नाही की निळा पडदा लावून आवाजही बंद करतात. मेनूमध्ये 'ब्लू बॅक' असेल, तो बंद करा. नाहीतर कोरी कॅसेट आहे असं समजून तुम्हीच ती फेकून द्याल.

---

रेघोटी | रविवार, संध्याकाळी ६.४५

डेक दुरुस्त होऊन आला. पट्टाच होता.

आधी घरातली एक बिनमहत्त्वाची कॅसेट तीन वेळा चालवून बघितली. मग 'श्रुतिका, दोन भाग' लावली. स्विच 'नॉर्मल': काका. स्विच 'हाय-फाय': निवेदिका, मग सतार, मग दार वाजल्याचा आवाज आणि नाटक सुरू. इतकं स्वच्छ की घड्याळाची टिकटिक स्टुडिओतली की आमच्या भिंतीवरची, ते बघायला मी वळले.

कानसेन, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

आता कुरबुरी. दहाएक मिनिटांनी आवाजात भुंग्यासारखी घरघर येते आणि मध्येच क्षणभर काकांचा आवाज घुसतो, मग पुन्हा नाटक. फीत खराब आहे का?

---

खटपट्या | रविवार, संध्याकाळी ७.१०

फीत नाही, ट्रॅकिंग, म्हणजे हेडचं फितीवरच्या रेघेवर नेमकं बसणं. ड्रमवरची दोन हेड आळीपाळीने वाचतात. ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या मारतो, म्हणजे अदलाबदल सेकंदाला ५० वेळा. सिग्नल कमकुवत झाला की प्रत्येक अदलाबदलीचा सांधा ऐकू येतो, तोच तुमचा ५० हर्ट्झचा भुंगा. सिग्नल आणखी पडला की डेक हाय-फाय सोडून आपोआप काठावर उडी मारतो, म्हणून काका.

स्वयंचलित ट्रॅकिंग बंद करा. ते बहुतेक चित्रावरून ठरवतं आणि तुमच्याकडे चित्र कुठाय? हाताने एकेक पायरी सरकवत घरघर कमीत कमी होते तिथे थांबा. कॅसेटच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तपासा, एकच जागा सगळीकडे चालेल असं नाही.

तो भुंगा नंतर सॉफ्टवेअरने काढण्याच्या फंदात पडू नका. तो नुसता ५० वर नसतो, त्याच्या पटीत वरपर्यंत पसरलेला असतो आणि काढताना माणसाचा आवाजही पोकळ होतो. फीत पुन्हा वाजवणं केव्हाही बरं.

---

कानसेन | रविवार, रात्री ९.००

फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए किमान एवढंच सांगते, ९६ किलोहर्ट्झ तिला जास्त पसंत. रेडिओसाठी मला ४८ पुरेसं वाटतं. सर्वात मोठा आवाज शून्याच्या, म्हणजे फाइलच्या कमाल पातळीच्या, खाली ६ डेसिबल तरी राहू द्या. तासाला साधारण १.०४ जीबी लागतं. वेव्ह फाइलची मर्यादा साधारण ४.२९ जीबी, म्हणजे ४ तासांची कॅसेट काठोकाठ मावते आणि एलपीची ८ तासांची मावत नाही. आरएफ६४ प्रकारात जतन करा किंवा मध्ये थांबून दोन फाइली करा. आठ तास बसून शेवटी फाइल उघडत नाही हे कळणं फार वाईट असतं.

ही कच्ची फाइल तशीच ठेवायची. खरखर काढणं, कापाकापी, सगळं प्रतीवर. कच्च्याला फ्लॅक करून ठेवलं तर जागा बरीच वाचते आणि एकही बिट बदलत नाही.

---

अँटेना | रविवार, रात्री ९.२०

एक युक्ती. कार्यक्रमाच्या आधी-नंतर वेळेचे टोले, म्हणजे ते पीप-पीप आहेत का बघा. एका तासाच्या पीपपासून पुढच्या तासाच्या पीपपर्यंत ३,६०० सेकंद भरले पाहिजेत. भरले नाहीत तर वाटेत काहीतरी सांडलंय. यापेक्षा स्वस्त तपासणी जगात नाही.

---

रेघोटी | मंगळवार, रात्री ११.५०

@अँटेना, मोजलं! आणि आता कबुली. पहिल्या दिवशी उतावीळपणाने भावाच्या यूएसबी यंत्रावरूनच उतरवलं होतं. त्या फाइलीत ३,५९४ सेकंद. ऑडिओ इंटरफेसवरून पुन्हा उतरवलं तर ३,६००, सेकंदाचा काही अंश इकडे-तिकडे. ६ सेकंद नाटक गायब होतं आणि मला कानाने एकदाही कळलं नव्हतं.

आता नवा पेच. एका कॅसेटवर चिठ्ठी आहे, 'सभा, पूर्ण, नवीन पद्धत'. नॉर्मलवर शांतता, हाय-फायवर शांतता. पण पडद्यावर मुंग्या नाहीत. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी आहेत, खूप नीटस, थरथरणाऱ्या. बघून डोळे फिरतात.

---

कानसेन | बुधवार, सकाळी ६.३०

पहाटे हे वाचून खुर्चीतून उठलो.

तो आवाजच आहे, रेघोटी. चित्र म्हणून लिहिलेला. याला पीसीएम म्हणतात. एक जोडयंत्र आवाजाचे आकडे करायचं आणि ते आकडे काळे-पांढरे ठिपके म्हणून व्हिडिओ सिग्नलमध्ये भरायचं. व्हीसीआरला वाटायचं चित्र आहे. सोनीचं पीसीएम-एफ१ आणि पुढची ५०१, ६०१, ७०१ ही घरी वापरली जाणारी यंत्रं १९८० च्या दशकातली.

सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची मोजमापं) असतात, तो विचित्र आकडाही इथूनच आला. पॅलमध्ये सेकंदाला ५० फील्ड (अर्धी चित्रं), प्रत्येकात वापरायच्या २९४ ओळी, ओळीमागे दर चॅनेलला ३ नमुने. गुणाकार करून बघा.

कपाटात ते जोडयंत्र आहे का शोधा. व्हीसीआरच्याच रुंदीचा चपटा खोका असेल. सापडलं तर डेकचं व्हिडिओ-आउट त्याला लावा आणि त्याच्या ऑडिओ-आउटमधून घ्या. नाही सापडलं तरी ठिपक्यांचं चित्र कॅप्चर करून संगणकावर आकडे वाचणारी मुक्त सॉफ्टवेअर आहेत. तेव्हा मात्र चित्र कॉम्प्रेस करायचं नाही. या चित्रात एक ठिपका म्हणजे एक बिट, ते 'सुबक' करणारं प्रत्येक बटण बिट खातं. डेकचं शार्पनेसही मधोमध. इथे सिंक स्वच्छ असतो, त्यामुळे अँटेना म्हणाले तो धोका कमी, पण शक्य तर चांगलं कॅप्चर कार्ड वापरा.

एफ१ असेल तर एक खोड: त्यात दोन्ही चॅनेलला मिळून एकच कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारा भाग), त्यामुळे डावं-उजवं एकमेकांपासून साधारण ११ मायक्रोसेकंद मागे-पुढे असतं. स्टिरिओ ऐकताना कळत नाही. दोन्ही मिसळून मोनो केलंत तर वरचे सूर किंचित मऊ होतात. तेव्हा मोनो करू नका.

---

निवांत | बुधवार, सकाळी ९.१५

चित्र म्हणून लिहिलेला आवाज. मी या धाग्यावर खाट टाकून बसलोय.

---

रेघोटी | शनिवार, रात्री १.२०

जोडयंत्र सापडलं. पुस्तकांच्या मागे, मूळ खोक्यात, वर काकांच्या अक्षरात 'हलवताना जपून'. सभा पूर्ण निघाली, २ तास ४० मिनिटं. एवढंच सांगते, पखवाजाचा पहिला हात पडला तेव्हा आई आतल्या खोलीतून बाहेर आली.

पण मी आज वेगळ्या कारणाने लिहितेय. श्रुतिकेची दोन्ही ट्रॅक वेगवेगळी उतरवली होती. सहज म्हणून ऑडासिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) एकाखाली एक लावली आणि एकत्र वाजवली. नाटक चालू आहे, आणि त्यावर काका:

"इथे स्टेशन सरकलं, दोन मिनिटं."

"आता जी बाई बोलते तिचं नाव श्रेयनामावलीत घेतलं नाही."

"हा पाऊस खरा आहे, रेकॉर्डिंगमधला नाही. आपल्या पत्र्यावरचा. वायर सैल होती बहुतेक."

पुटपुटणं नव्हतं ते. ते ऐकता ऐकता काठावर टिपणं लिहीत होते. चिठ्ठीवर मावत नव्हतं म्हणून. ६ कॅसेटींची कच्ची यादी केली, तारखा आणि फ्रीक्वेन्सीसकट सगळं त्यांनी सांगून ठेवलंय.

---

खरखर | शनिवार, सकाळी ८.४०

शब्द मागे घेतो. सगळेच.

---

खटपट्या | शनिवार, सकाळी ९.०५

मग आता प्रत्येक कॅसेट दोनदा वाजवायची, एकदा हाय-फाय, एकदा नॉर्मल. 'मिक्स'वर ठेवून वेळ वाचवायचा मोह होईल, करू नका. एकदा मिसळलेलं वेगळं होत नाही. दोन फेऱ्यांत तासाभरात थोडा फरक पडेल, तो पीपवरून जुळवता येणार नाही कारण पीप फक्त हाय-फायवर. काका एखाद्या ठिकाणी 'आता टाळ्या' असं काही म्हणत असतील तर ती खूण धरा.

जुन्या काठावरच्या आवाजासाठी हेडचा कोन फिरवा असा सल्ला कुठेतरी वाचाल. तुमच्याकडे नको. त्याच तुकड्यावर कंट्रोल ट्रॅकचं (फितीची चाल जुळवणाऱ्या खुणांचं) हेडही असतं, तो हलला की ट्रॅकिंगची वाट लागते. बोलणं कळतंय तेवढं पुरे.

---

कानसेन | शनिवार, सकाळी १०.३०

फाइलींना नावं देताना दोन्हींचा क्रमांक एकच ठेवा, शेवटी फक्त 'हा' आणि 'नॉ'. आणि टिपणं लिहून काढाल तेव्हा वेळेसकट लिहा.

---

रेघोटी | शनिवार, सकाळी १०.५५

हो. ९ क्रमांकाच्या कॅसेटवर ते म्हणतात, "आता टाळ्या पडतील, त्यांच्या आधी जो खोकतो तो मी."

प्रेक्षकांत गेले होते वाटतं त्या दिवशी, आणि घरी टायमर लावून. हाय-फाय लावून बघितलं. खोकला आहे.